दिंडी दरवाज्यावरची रांग

साखरेऐवजी चहात टाकायच्या गोळ्यांची डबी किंवा ‘डाएट’ शीतपेयाचा डबा नीट पाहिला, तर त्यावर बारीक अक्षरांत एक इशारा सापडतो. पदार्थात अ‍ॅस्पार्टेम असेल, तर तो फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही, असे त्यात म्हटलेले असते. हा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. डबी रोज उघडली जाते, पण तो लांबलचक शब्द सहसा कोणी वाचत नाही. वाचला तरी तो कशाबद्दल आहे, हे औषधाच्या दुकानात विचारून कळेलच असे नाही. खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. हा इशारा ज्याच्यासाठी आहे, त्याला आपल्याला तो आजार आहे हे आधी ठाऊक असायला हवे. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची त्यासाठी तपासणी आपल्या देशात होत नाही. म्हणजे डब्यावर इशारा छापण्याची सक्ती आहे, पण तो कोणी वाचायचा हे शोधण्याची नाही.

या आजारात दोष असतो यकृतात आणि नुकसान होते मेंदूचे. असे का घडते, याचे उत्तर रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या एका भिंतीत आहे. ती भिंत आणि तिच्यातली दारे समजून घेतली, तर फक्त हा दुर्मीळ आजारच उलगडतो असे नाही. कंपवाताच्या रुग्णाची गोळी जेवणानंतर ‘लागत’ का नाही, आणि मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ भुकट्या मेंदूपर्यंत पोचत का नाहीत, हेही त्यातूनच कळते.

भिंतीचा पहिला सुगावा १८८५ साली लागला. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून कोणता अवयव किती रंगतो हे पाहत होते. जवळजवळ सगळे अवयव रंगले, मेंदू आणि मज्जारज्जू मात्र कोरे राहिले. मेंदूच्या पेशींना रंगाची ओढ नसावी, असा निष्कर्ष एर्लिख यांनी काढला. तो चुकीचा होता. त्यांच्याकडेच काम केलेल्या एडविन गोल्डमन यांनी १९१३ साली उलटा प्रयोग केला. त्यांनी निळा रंग रक्तात न टोचता थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदू रंगू शकत होता, फक्त रक्तातून रंग तिथे पोचत नव्हता. पुढे १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या भिंतीचे रूप दाखवले. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात आणि त्यांतून बारीकसारीक पदार्थ पाझरतात. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की मध्ये फट उरत नाही. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक मांडल्या तर त्यांची लांबी सहाशे किलोमीटरच्या घरात जाते. तेवढ्या सगळ्या लांबीवर ही तटबंदी आहे. वैद्यकात तिला रक्त-मेंदू अवरोध म्हणतात.

प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क असे लहान आणि स्निग्ध पडद्यातून सहज सरकणारे रेणू ही भिंत ओलांडतात. जेवणातली प्रथिने पचून तयार होणारी अमिनो आम्ले मात्र पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांना असे सरकता येत नाही. आणि मेंदूला तर ती हवीच असतात. प्रथिने घडवण्यासाठी हवीत, तसेच मेंदूतले संदेशवाहक तयार करण्यासाठीही हवीत. टायरोसीनपासून डोपामाइन बनते, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. मग ती आत जातात कशी?

जुन्या गडाच्या महादरवाज्यात एक लहानसा दिंडी दरवाजा असतो. मोठी दारे बंद असली तरी त्यातून एका वेळी एका माणसाला वाकून आत जाता येते. मेंदूच्या तटबंदीतही अमिनो आम्लांसाठी असेच दिंडी दरवाजे आहेत. पेशींच्या आवरणात बसवलेली ही वाहक प्रथिने आहेत. प्रत्येक प्रकारच्या वाहकाचे गिऱ्हाईक ठरलेले असते. त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ‘लॅट-१’. त्याची जनुकीय ओळख १९९८ साली पटली. फिनाइलअलानिन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन, ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, मेथिओनीन, हिस्टिडीन अशी आकाराने मोठी आणि विद्युतदृष्ट्या उदासीन अमिनो आम्ले याच एका दारातून जातात. दार एक आणि उमेदवार आठ-दहा, अशी ही रांग आहे.

या रांगेचा एक नियम फार महत्त्वाचा आहे. मेंदूच्या केशवाहिन्यांतला हा वाहक या अमिनो आम्लांना इतक्या घट्टपणे पकडतो की रक्तातल्या रोजच्या प्रमाणातच त्याच्या जागा जवळजवळ भरलेल्या असतात. त्यामुळे रांगेतल्या एकाची गर्दी वाढली की उरलेल्यांचा वाटा कमी होतो. रक्तात त्यांचे प्रमाण अगदी पूर्वीइतके असले तरी ती आत कमी पोचतात. इतर बहुतेक अवयवांचे वाहक असे भरलेले नसतात. तिथे एखाद्या अमिनो आम्लाची गर्दी झाली तरी दुसऱ्याला जागा मिळते. म्हणून गर्दीचा फटका स्नायूंना किंवा मूत्रपिंडाला तितका बसत नाही, तो मेंदूला बसतो.

एवढे अवघड दार निसर्गाने का ठेवले असेल? भरपेट जेवणानंतर रक्तातल्या अमिनो आम्लांचे प्रमाण वाढते आणि उपाशीपोटी खाली येते. त्यांतली काही, विशेषतः ग्लुटामेट आणि ग्लायसीन, ही मेंदूत स्वतःच संदेशवाहकाचे काम करतात. ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक आहे. तो वाजवीपेक्षा जास्त साचला तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरू शकतात. रक्तात त्याचे प्रमाण मेंदूच्या पेशींभोवतालच्या द्रवापेक्षा कितीतरी पट जास्त असते. दार सताड उघडे असते, तर प्रत्येक पंगतीनंतर डोक्यात वादळ उठले असते. म्हणून ग्लुटामेटला बाहेरून आत जवळजवळ मज्जाव आहे. उलट केशवाहिन्यांच्या पेशींवरचे वाहक आतले जादा ग्लुटामेट बाहेर काढायला मदत करतात. मेंदू आपल्याला लागणारे ग्लुटामेट आतल्या आतच तयार करतो. ही भिंत म्हणजे केवळ अडथळा नव्हे, तिच्यामुळेच विचार करायला लागणारी शांतता टिकते.

या पार्श्वभूमीवर बाजारातल्या जाहिराती तपासून पाहाव्यात. मन शांत करणारा ‘गाबा’ हा संदेशवाहक मेंदूत असतो, म्हणून गाबाच्या गोळ्या घ्या, असा प्रचार चालतो. गाबा हेही अमिनो आम्लच आहे, पण तोंडाने घेतलेल्या गाबाला ही भिंत ओलांडणे फार कठीण असते. केळ्यात सेरोटोनिन असते म्हणून केळे खाल्ल्याने मन प्रसन्न होते, असे सांगितले जाते. केळे जरूर खावे, ते चांगले फळ आहे. पण त्यातले सेरोटोनिन मेंदूत जात नाही. मेंदू आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅनपासून स्वतः बनवतो. जे मेंदूत असते ते गिळले की मेंदूला मिळते, हा सरळ वाटणारा हिशेब दिंडी दरवाज्यावर येऊन चुकतो. ‘बुद्धीसाठी’ म्हणून परीक्षेच्या हंगामात पालकांच्या गळी उतरवल्या जाणाऱ्या डब्यांबाबत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: हा पदार्थ मेंदूपर्यंत पोचतो, याचा पुरावा काय?

ट्रिप्टोफॅनची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. अमेरिकेतील जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वुर्टमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर प्रयोग केले. त्यांना पिष्टमय आहार दिल्यावर मेंदूतले ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन वाढले. प्रथिनांनी भरलेला आहार दिल्यावर रक्तातले ट्रिप्टोफॅन वाढूनही मेंदूतले वाढले नाही. पहिल्यांदा हे उलटेच वाटते. पण रांग आठवली की उलगडा होतो. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन थोडे आणि रांगेतली इतर अमिनो आम्ले पुष्कळ असतात. त्यामुळे प्रथिने खाल्ली की ट्रिप्टोफॅन रांगेत मागे पडते. पिष्टमय पदार्थांनी इन्शुलिन वाढते, ते ल्युसीनसारख्यांना स्नायूंकडे वळवते, रांग ओसरते आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. अर्थात यावरून कोणी भात म्हणजे झोपेची गोळी असे समजू नये. जेवणात थोडी जरी प्रथिने असली तरी हा परिणाम बराचसा पुसला जातो, आणि आपले वरण-भाताचे किंवा दही-भाताचे ताट काही निव्वळ पिष्टाचे नसते. ताटात काय आहे यापेक्षा दारात कोण किती आहे, याला इथे महत्त्व असते, एवढाच या प्रयोगाचा धडा.

हाच धडा कंपवाताच्या रुग्णांच्या घरात रोजच्या वेळापत्रकाचा प्रश्न होऊन येतो. कंपवातात मेंदूतल्या विशिष्ट भागात डोपामाइन कमी पडते. डोपामाइनची गोळी देऊन उपयोग नाही, कारण ते भिंत ओलांडत नाही. त्याचा कच्चा माल असलेले लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लाच्या घडणीचे आहे. ते लॅट-१च्या रांगेत उभे राहून आत जाते आणि तिथे त्याचे डोपामाइन होते. जॉर्ज कोट्झियस यांनी १९६७ साली दाखवलेल्या परिणामांनंतर हे औषध जगभर गेले आणि आजही ते या आजारावरचे मुख्य औषध आहे. भारताचा यात एक जुना दुवा आहे. आयुर्वेदात कपिकच्छू आणि मराठीत खाजकुयली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेलीच्या बियांतून हाच रेणू दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली वेगळा करून दाखवला होता.

पण काही वर्षे औषध घेतल्यावर अनेक रुग्णांना विचित्र अनुभव येतो. सकाळची गोळी छान लागू पडते, दुपारच्या जेवणानंतरची गोळी जणू घेतलीच नाही असे होते. पाय जमिनीला खिळतात, सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. १९८४ साली अमेरिकेत जॉन नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांनी रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून सतत एकाच गतीने दिले, म्हणजे पोटातल्या पचनाचा प्रश्नच उरला नाही. मग त्यांना प्रथिनयुक्त जेवण किंवा रांगेतली अमिनो आम्ले दिली. रक्तातले लेव्होडोपा कमी झाले नाही, तरी रुग्णांची हालचाल पुन्हा मंदावली. या दाराने न जाणारी ग्लायसीन आणि लायसीन ही अमिनो आम्ले दिली, तेव्हा मात्र असे झाले नाही. औषध रक्तात होते, पण दारातच अडले होते.

म्हणून सर्वसाधारणपणे लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायला सांगतात. ज्यांना जेवणानंतरचा हा चढउतार जाणवतो, अशा काही रुग्णांना दिवसातली बहुतेक प्रथिने रात्रीच्या जेवणात घेण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे दिवसाच्या कामाच्या वेळेत रांग मोकळी राहते. हा सल्ला सगळ्यांना लागू नाही, आणि प्रथिने तोडून टाकणे हा तर त्याचा अर्थ अजिबात नाही. कंपवाताच्या वृद्ध रुग्णांचे वजन आणि स्नायू आधीच घटत असतात. बदल करायचा तो डॉक्टरांना विचारून, वेळेचा. पण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ‘दिवसातून तीनदा’ एवढेच सांगून चिठ्ठी हातात पडते आणि गोळी डाळ-उसळीच्या ताटाबरोबर घेतली जाते. मग डोस वाढतो, दुष्परिणाम वाढतात, ‘औषधच लागू पडत नाही’ अशी निराशा येते. दोन मिनिटांचे बोलणे इथे एखाद्या वाढीव गोळीपेक्षा जास्त काम करून जाते.

आता पुन्हा डबीवरच्या त्या शब्दाकडे वळायला हवे. कारण रांगेच्या नियमाची सर्वांत मोठी किंमत जी मुले मोजतात, त्यांच्याबद्दल तो शब्द आहे.

फिनाइलकीटोन्युरियात यकृतातले एक विकर काम करत नाही. जेवणातले जादा फिनाइलअलानिन टायरोसीनमध्ये बदलण्याचे काम त्याचे असते. ते न झाल्याने रक्तातले फिनाइलअलानिन साचत जाते. निरोगी माणसात ते लिटरला सुमारे ५० ते ११० मायक्रोमोल असते, या आजाराच्या तीव्र प्रकारात ते १२००च्याही वर जाते. दहा-वीस पटींची ही गर्दी दिंडी दरवाज्यावर आली की टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन मागे रेटले जातात. मेंदूत फिनाइलअलानिन भरमसाट, आणि डोपामाइन व सेरोटोनिन यांचा कच्चा माल तुटपुंजा, अशी स्थिती होते. आत साचलेले फिनाइलअलानिन स्वतःही अपाय करते, चेतातंतूंवरचे आवरण नीट घडत नाही. बाळ जन्मते तेव्हा इतर कोणत्याही बाळासारखेच दिसते. नऊ महिने आईच्या शरीराने त्याचे फिनाइलअलानिन सांभाळलेले असते. दूध सुरू झाल्यावर पातळी चढू लागते. काही महिन्यांनी मान धरायला, बसायला उशीर होतो, केस आणि त्वचा घरातल्या इतरांपेक्षा फिकट दिसतात, लघवीला कुबट वास येतो, पुढे झटके येऊ शकतात. तोवर मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

हा आजार ओळखला गेला तो एका आईच्या हट्टामुळे. नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलंड आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टरांचे उंबरठे झिजवत होत्या. मुलांच्या अंगाला येणारा विचित्र वास त्यांना सारखा खटकत होता. १९३४ साली आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले. फोलिंग रसायनशास्त्रही शिकलेले होते. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकताच ती हिरवी झाली आणि त्या हिरव्या रंगाच्या शोधातून आजाराचे मूळ सापडले. त्या दोन मुलांसाठी तेव्हा काही करता आले नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा फिनाइलअलानिन काढून टाकलेला आहार एका लहान मुलीला दिला. इथेही उपचार शोधाच, म्हणून पाठपुरावा करणारी तिची आईच होती. मुलगी सुधारू लागली, पण मेंदूचे आधी झालेले नुकसान पुरते भरून निघाले नाही. उपाय होता, फक्त तो वेळेत हवा होता.

तो वेळ रॉबर्ट गथ्री यांनी मिळवून दिला. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेला पाठवायचे, अशी सोपी आणि स्वस्त पद्धत त्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६३ साली ती कायद्याने सक्तीची केली. तेव्हापासून अनेक देशांत या आजाराची मुले जन्मानंतर काही दिवसांत सापडतात, आहार सुरू होतो आणि ती शाळा-कॉलेजात जातात, नोकरी-धंदा करतात, संसार थाटतात. एका जनुकीय आजारावर केवळ ताटातल्या बदलाने मिळवलेला हा विजय आहे.

रांगेचा नियम उपचारातही उलटा वापरला गेला आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात या आजाराच्या रुग्णांना फिनाइलअलानिन दिले आणि त्याबरोबर रांगेतली बाकीची अमिनो आम्लेही दिली. रक्तातले फिनाइलअलानिन वाढले, पण मेंदूतले वाढले नाही. रांगेत इतरांची संख्या वाढवल्याने नको असलेल्याला दारात जागाच मिळाली नाही. कडक पथ्य पाळणे ज्या प्रौढांना जमत नाही, त्यांच्यासाठी अशी अमिनो आम्लांची मिश्रणे काही ठिकाणी वापरली जातात. बाळासाठी मात्र ती मुख्य उपचाराची जागा घेऊ शकत नाहीत. तिथे पहिल्या आठवड्यातच आहार बदलण्याला पर्याय नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात नवजात बालकांतली दिसणारी व्यंगे शोधण्यावर भर आहे. मोठ्या शहरांतल्या अनेक खासगी रुग्णालयांत टाचेच्या रक्ताची तपासणी पैसे भरून करता येते. गोव्याने २००८ साली राज्यभरातल्या नवजात बालकांसाठी अशी तपासणी सुरू करून वाट दाखवली होती, केरळनेही निवडक आजारांसाठी ती हाती घेतली. पण देशभर प्रत्येक बाळासाठी अशी सक्तीची योजना नाही. बाळ मुंबईच्या महागड्या रुग्णालयात जन्मले की नंदुरबारच्या ग्रामीण रुग्णालयात, यावर त्याच्या मेंदूचे भवितव्य अवलंबून राहते.

दुर्मीळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. साथीचे आजार, कुपोषण, रक्तक्षय यांच्याशी झुंजणाऱ्या आरोग्य यंत्रणेकडून हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्याच रक्ताच्या थेंबात आहे. टाचेचा तोच थेंब जन्मजात थायरॉइडची कमतरताही सांगतो. ती आपल्याकडे साधारण हजारभर बाळांमागे एकाला असते आणि तीही वेळेत न सापडल्यास बुद्धीची वाढ खुंटवते. तिच्यावरचा उपाय म्हणजे रोजची एक स्वस्त गोळी. थायरॉइडसाठी तो थेंब घ्यायचे एकदा ठरले, की कागद, टपाल, प्रयोगशाळा आणि पालकांना निरोप देणारा माणूस ही यंत्रणा उभी राहतेच. तिच्यावर फिनाइलकीटोन्युरियासारख्या आणखी काही आजारांची तपासणी जोडण्याचा खर्च वेगळ्या मोहिमेपेक्षा कितीतरी कमी पडतो. एकेक आजार दुर्मीळ असला तरी सगळे मिळून ते दुर्मीळ राहत नाहीत. त्यात हे बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतात. नात्यात लग्ने होतात तिथे त्यांची शक्यता वाढते, आणि मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आजही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तपासणी करून पुढे काय? निदान झाले आणि आहारच मिळाला नाही, तर त्या निदानाने आईबापांचा जीव फक्त टांगणीला लागतो. हा आहार सोपा नाही. आईचे दूध मोजून, आणि त्याच्या जोडीला फिनाइलअलानिन नसलेली खास दुधाची भुकटी द्यावी लागते. पुढे डाळी, दूध-दही, अंडी, मांस-मासे, शेंगदाणे जवळजवळ बंद आणि भात-पोळीही तोलून. फळे, भाज्या, आणि प्रथिने जवळपास नसलेला साबुदाणा (दाण्याच्या कुटाशिवाय) हे त्यातले आधार. दर काही दिवसांनी रक्त तपासून प्रमाण ठरवावे लागते. खास भुकट्या महाग असतात आणि बऱ्याचशा बाहेरून येतात. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात खास आहाराने सांभाळता येणाऱ्या आजारांत फिनाइलकीटोन्युरियाचा समावेश आहे, निवडलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून आर्थिक मदतीची तरतूद आहे, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. धोरणातल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराला आयात केलेली औषधे आणि खास आहार यांच्यावरचे सीमाशुल्कही १ एप्रिल २०२३ पासून माफ झाले. म्हणजे साखळीचा शेवटचा दुवा थोडाफार तरी घडलेला आहे. कमी आहे तो पहिला. ज्या बाळाचे निदानच झाले नाही, त्याला या धोरणाचा काय उपयोग?

राज्य सरकारने करण्यासारखे काम त्यामुळे स्पष्ट आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिस्थानी बाळ घरी जाण्यापूर्वी टाचेचा थेंब घेणे बंधनकारक करावे. तो घेण्याची योग्य वेळ जन्मानंतर २४ ते ७२ तासांची आहे, आणि दवाखान्यात बाळंतपण झालेली बहुतेक बाळे तेव्हा तिथेच असतात किंवा आशाताईंच्या नजरेखाली असतात. विभागवार प्रयोगशाळा ठरवाव्यात, अहवाल किती दिवसांत द्यायचा याची मुदत घालावी, आणि सदोष निघालेल्या प्रत्येक अहवालामागे एका माणसाची जबाबदारी नावानिशी नेमावी. जगभरचा अनुभव असा की अशा योजना रक्त घेण्यापाशी अडत नाहीत, निरोप वेळेत न पोचल्याने अडतात. खास भुकटी जिल्हा रुग्णालयात मिळण्याची सोय करावी. एका बाळासाठी मुंबईच्या फेऱ्या मारणे मजुरी बुडवणाऱ्या घराला परवडत नाही.

हा प्रश्न पैशांच्या हिशेबापुरता नाही. मूल उशिरा बोलू लागले, चालेना, की आपल्या घरांत बोट पहिल्यांदा आईकडे जाते. ग्रहणात काही चिरले असेल, डोहाळ्यांत काही खाल्ले असेल, तिच्या माहेरचा दोष असेल, असे काहीबाही तिला ऐकवले जाते. नॉर्वेतल्या त्या आईचे कोणीतरी ऐकले म्हणून हा आजार कळला. इथल्या किती आयांचे ऐकले गेले नसेल, याची मोजदाद कुठेच नाही. रक्ताचा एक थेंब त्या आईला सांगू शकतो की दोष तिच्या खाण्यात नाही, एका विकरात आहे, तो आई-बाप दोघांकडून आला आहे, आणि मुख्य म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

मेंदूच्या दिंडी दरवाज्यावर कोण किती गर्दी करतो, हे बाळाला किंवा त्याच्या आईला दिसत नाही. ते पाहण्याचे साधन साठ वर्षांपूर्वीच हाती आले आहे. गोळ्यांच्या डबीवरचा इशारा छापायला लावणाऱ्या व्यवस्थेने तो ज्याच्यासाठी छापला आहे, त्या बाळाच्या पाळण्यापर्यंतही जायला हवे.